संडासाचं उद्घाटन

हेडमास्तर योगीराज सर पेढ्यांचा पुडा घेऊन आले तेव्हा नर्मदाबाई ओसरीवर तूर पाखडत बसली होती. सरांनी चपला काढल्या, खांबाला पाठ टेकली आणि तोंडभर हसून म्हणाले, "मावशी, सोमवारी उद्घाटन हाय. अध्यक्षसाहेबांनी खास निरोप दिलाय. सूर्यभानकाकांच्या दानातून झालेलं काम, तवा पहिली खुर्ची मावशींचीच."

नर्मदाबाईनं सूप खाली ठेवलं. "पाणी आलं का?"

"कशाचं पाणी?"

"पोरींच्या संडासात. नळाला पाणी आलं का?"

सरांनी पुड्याची दोरी सोडायला घेतली. गाठ काही सुटेना. "जिल्ह्याहून मोठे साहेब येणार हायेत. मंडप टाकलाय. सगळ्यांना जेवण हाय."

"सर, मी काय इचारलं?"

"अहो, झालंय म्हणलं ना मावशी. तुमी बघालच की." पुडा तसाच सुपाशेजारी ठेवून सर उठले. पाण्याचा तांब्या पुढं केला होता, त्यालाही त्यांनी हात लावला नाही.

सूर्यभान म्हणजे नर्मदाबाईचा नवरा. येलदरीच्या वीजघरात त्यानं सारी नोकरी काढली आणि निवृत्तीच्या पैशातून जिंतूरला रस्त्याकडेला एक प्लॉट घेतला. दोघांच्या मागं कुणी नव्हतं. एक लेक होती, भक्ती. सहावीत होती. मधल्या सुट्टीत ती शाळेमागच्या ओढ्यात, बाभळीच्या झुडपांत गेली, कारण खैरवाडीच्या शाळेत पोरींना जायला दुसरी जागाच नव्हती. तिथं तिला घोणस चावली. कुठं गेली होतीस असं विचारतील, या लाजेनं पोरगी कुणाला बोललीच नाही. गुपचूप वर्गात येऊन बसली. पाय सुजून काळानिळा पडला तेव्हा बाईंच्या ध्यानात आलं. जीप जिंतूरला पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

त्यानंतर नर्मदाबाईनं शाळेकडं तोंड केलं नाही. शाळा गावाबाहेर, चारठाण्याच्या रस्त्याला. तिच्या भिंतीला लागूनच त्यांचं शेत होतं, तेही बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला देऊन टाकलं. सूर्यभान मात्र आतल्या आत धुमसत राहिला. शेवटच्या दुखण्यात त्यानं वकिलाला घरी बोलावलं आणि सांगितलं, "लिहा, माझा प्लॉट शाळेला. त्यातून पोरींसाठी संडास, संडासात पाणी, आन उरलं तर पक्क्या खोल्या."

वकील हसला. "काका, मृत्युपत्रात संडास-बिंडास बरं दिसत न्हाई. आपण 'शालेय इमारत व सुविधांच्या उन्नतीसाठी' असं लिहू. अर्थ तोच निघतो."

सूर्यभानला धाप लागली होती. त्यानं मान हलवली. नर्मदाबाई उशाशीच बसली होती. तिलाही वाटलं, शिकलेला माणूस आहे, बरोबरच लिहीत असेल.

सूर्यभान गेला. प्लॉट संस्थेच्या नावावर झाला आणि संस्थेनं तो विकला. तेव्हापासून हेडमास्तर दिसले की नर्मदाबाई पाण्याचं विचारायची, आणि सर म्हणायचे, काम चालू हाय. शाळेला कमान होतेय असं गावात बोलणं होतं, तिच्याही कानावर आलं होतं. पण ती संस्थेचे अध्यक्ष बन्सीधरराव यांची स्वतःची हौस असेल, असं तिनं धरलं. माणसाला पैसा झाला की त्याला कमानी सुचतात.

आता मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. पाणीसुद्धा न पिता जो माणूस उठतो, त्याच्या पोटात काय आहे हे ओळखायला शाळा शिकावी लागत नाही. तिनं पेढे शेजारच्या कावेरीच्या घरी देऊन टाकले, पायात चपला सरकवल्या आणि इतक्या वर्षांनी शाळेची वाट धरली.

कमान लांबूनच दिसली. लाल दगडाची, दोन मजली घराएवढी उंच. वर सोंड उचललेले सिमेंटचे दोन हत्ती, आणि मधोमध सोनेरी अक्षरांत बन्सीधररावांच्या वडिलांचं नाव. नर्मदाबाई जवळ गेली. डाव्या खांबात अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवर, वीतभर संगमरवरी पाटी बसवलेली होती. सूर्यभानचं नाव त्या पाटीवर होतं. वाचायला वाकावं लागलं.

कमानीतून आत गेली, तर आत सगळं तेच. त्याच पत्र्याच्या खोल्या, पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले तेच दगड, फक्त गंज वाढलेला. मधली सुट्टी झाली होती. पोरं मैदानात ओरडत होती. खोल्यांच्या मागच्या अंगाला दोन पोरी ओढ्याकडं निघाल्या होत्या. एकीच्या हातात पाण्याची बाटली, दुसरीच्या हातात काठी. काठीवाली पुढं होऊन झुडपांवर काठी आपटत होती. मग ती पाठ करून उभी राहिली आणि ओढणी दोन्ही हातांनी पसरून तिनं आडोसा धरला.

 नर्मदाबाई पत्र्याच्या खोलीला धरून उभी राहिली. पत्रा उन्हानं तापलेला होता, हात भाजत होता, तरी तिनं हात काढला नाही.

"आजी, बरं वाटत नाही का?" आतून एक तरुण बाई आली. संघप्रिया मॅडम, जिंतूरहून रोज एसटीनं येणाऱ्या. त्यांनी खुर्ची आणून दिली.

"ती काठी कशाची?" नर्मदाबाईनं विचारलं.

मॅडम घुटमळल्या. "ती... वर्गाच्या दाराआड ठेवलेली असते. पोरींनी जाताना न्यायची. झाडीत काही असलं तर सरकावं म्हणून."

"साप."

"हो. मागं कधीतरी इथं एक मुलगी..." बोलता बोलता मॅडमनी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि त्या थांबल्या.

"माझीच ती." नर्मदाबाई म्हणाली. "लेक मेली माझी, आन शाळेनं त्यावर काय केलं, तर काठी ठेवली. आन तुमी कुटं जाता, बाई?"

संघप्रिया मॅडमनी मान खाली घातली. "मी सकाळपासून पाणीच पीत नाही, आजी. घरी गेल्यावर पिते. डॉक्टर ओरडतात. मोठ्या मुली तर महिन्यातले ते दिवस येतच नाहीत. मैथिली नावाची एक पोरगी होती, लय हुशार. तिच्या आईनं गेल्या वर्षी शाळाच बंद केली तिची." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "आणि संडास नाही असं नाही. एक आहे. अध्यक्षांच्या केबिनला लागून, कमानीबरोबरच बांधलेला, नव्या फरशीचा. पाहुण्यांसाठी. त्याला कुलूप असतं."

केबिनमध्ये बन्सीधरराव कार्यक्रमाची तयारी बघत बसले होते. नर्मदाबाईला पाहून ते उभे राहिले. गावकीच्या नात्यानं सूर्यभान त्यांचा थोरला भाऊ.

"या, या वहिनी! निरोप धाडला असता तर गाडी पाठवली असती. कमान बघितली का? कशी झालीय?"

"भाऊजी, संडास कुटंय?"

बन्सीधररावांनी समोरच्या शिपायाला हातानंच बाहेर घालवलं. "बसा. पाणी घ्या. हे बघा वहिनी, दादांच्या वसियतीत काय लिहिलंय? इमारत आन सुविधांची उन्नती. कमान इमारतीतच मोडती. सगळं कायदेशीर हाय, एक पैसा इकडचा तिकडं न्हाई."

"ते कमान म्हणले न्हवते. मी तिथं बसलेली होते."

"मालूम हाय मला. पण तुमी जरा मोठं बघा. पुण्या-मुंबईचा देणगीदार येतो. त्याला आधी काय दिसतं? दरवाजा. दरवाजा बघून माणूस शाळेची लायकी ठरवतो. एक कमान धा देणग्या ओढून आणती. उद्या त्यातून संडास काय, दोन मजली इमारत होईल."

"उद्या?"

"आन खरं सांगू का वहिनी," ते पुढं झुकले, आवाज खाली आणला. "संडासाच्या उद्घाटनाला कोण येईल? कोणता साहेब तिथं उभा राहून फोटो काढील? संडासाला कुणाचं नाव द्यायचं? तुमच्या सासऱ्याचं? दादांचं? चाललं असतं तुमाला?"

नर्मदाबाईनं बाहेरच्या कमानीकडं पाहिलं.  बन्सीधररावांना वाटलं, तिला पटलं. त्यांनी मायेनं हात जोडले. "भक्तीचं दुःख मला काय कळत न्हाई व्हय—"

"तिचं नाव तोंडातून काढू नका," एवढंच म्हणून ती उठली.

दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. कावेरी भाकरी-कालवण घेऊन आली, जवळ बसली आणि म्हणाली, "काकू, जाऊ नका त्या कार्यक्रमाला. कशाला त्यांची शोभा वाढवायची?"

"न गेले तर त्यांना बरंच हाय की," नर्मदाबाई म्हणाली. "मला राग कुणाचा यायलाय ठावं हाय का तुला? त्या बन्सीधराचा तर येतोच. वकिलाचा येतो. पण माझाबी येतो. वकिलानं त्यो शब्द टाळला तवा मी तिथंच होते. लिवा म्हणले असते तर काय झालं असतं? मलाबी तवा वाटलं, बरं दिसत न्हाई." तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

सोमवारी ती गेली. लुगडं नेसली, डोक्यावर पदर घेतला आणि पहिल्या खुर्चीवर जाऊन बसली. मंडपात सारं गाव होतं. जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, मोबाइल उंच झाले. पोरींनी स्वागतगीत म्हटलं. मग बन्सीधरराव भाषणाला उभे राहिले. दानाचं महत्त्व सांगितलं, वडिलांच्या आठवणी सांगितल्या, सूर्यभानला दानशूर म्हटलं आणि नर्मदाबाईला स्टेजवर बोलावून साहेबांच्या हस्ते शाल-श्रीफळ दिलं. इथवर ती गप्प होती. खाली उतरून घरी जावं असंही तिच्या मनात आलं होतं.

तेवढ्यात बन्सीधरराव माइकवर म्हणाले, "आणि एक आनंदाची बातमी देतो. शाळेला लागून वहिनींचं शेत हाय. तेसुद्धा आपल्या माघारी शाळेलाच द्यायचं, असं वहिनींनी मनात धरलंय. त्या जागेवर आपण भव्य सभागृह उभं करू!"

टाळ्या कडाडल्या. नर्मदाबाईनं नारळ टेबलावर ठेवला आणि सरळ जाऊन बन्सीधररावांच्या हातातला माइक घेतला. ती आभार मानणार असं वाटून त्यांनी तो हसत दिलाही.

"मी असं कायबी धरलेलं न्हाई," ती म्हणाली. माइक किंचाळला, मग तिचा आवाज लाउडस्पीकरमधून गावापर्यंत गेला. "माझ्या मालकानं कमान मागितली न्हवती. त्यानं संडास मागितला होता. पोरींसाठी संडास. वकिलाला त्यो शब्द लिवायची लाज वाटली. हेडमास्तराला बोलायची लाज वाटली. अध्यक्षाला बांधायची लाज वाटली. आन माझ्या लेकीलाबी लाजच वाटली. साप चावला तरी पोरगी बोलली न्हाई, कुटं गेलती ते सांगावं लागंल म्हून. सापानं न्हाई मारलं तिला. तुमच्या लाजेनं मारलं. माझ्याबी."

 बन्सीधरराव माइक घ्यायला पुढं झाले, तशी ती एक पाऊल मागं सरली.

"थांबा भाऊजी. साहेब, तुमी जिल्ह्याचे. जेवायच्या आधी त्या ओढ्यापर्यंत चला माझ्यासंगं. पोरी कुटं बसत्यात ते बघा. काठी घ्या बरोबर, साप असत्यात. तिथं बसून दाखवा, आन मग म्हणा, लय सुंदर शाळा हाय."

साहेबांनी घड्याळात पाहिलं.

"इथं एक संडास हाय," ती म्हणाली. "नव्या फरशीचा, अध्यक्षाच्या खोलीला लागून. माझ्या मालकाच्या पैशाचा. त्याचं कुलूप काढा."

ती स्टेजवरून उतरली आणि केबिनकडं चालू लागली. तिच्यामागं आधी कावेरी उठली, मग बायकांच्या बाजूच्या चार-दोन जणी, मग बघता बघता सगळीच बाजू उठली. दारात हेडमास्तर आडवे झाले. "मावशी, किल्ली अध्यक्षसाहेबांकडं हाय, मी काय करू? माझी नोकरी—"

"किल्ली तिथं खिळ्यालाच आहे," मागून संघप्रिया मॅडम म्हणाल्या. त्या गर्दीतून वाट काढत आल्या, केबिनमध्ये शिरल्या, खिळ्यावरची किल्ली काढली आणि सगळ्या गावादेखत नर्मदाबाईच्या हातावर ठेवली. 

कुलूप निघालं. नर्मदाबाई दाराशी खुर्ची ओढून बसली आणि ओरडली, "या ग पोरींनो! भिऊ नका. ज्यांना जायचं त्यांनी जा. रांग करा."

पोरी आधी एकमेकींकडं बघून हसू लागल्या. कुणीच पुढं येईना. मग आठवीतली एक पोरगी, गाणं म्हणून आलेली, तोंडावर ओढणी घेऊन झर्रकन आत पळाली. तिच्यामागं रांग लागली, आणि ती केबिनबाहेर, व्हरांड्यातून थेट मंडपापर्यंत गेली. साहेबांची गाडी त्याच रांगेच्या बाजूनं हळूहळू निघून गेली. पंगत तशीच राहिली.

बन्सीधरराव तिच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "तमाशा केलात वहिनी. बापाच्या नावाची इज्जत घालवलीत माझ्या."

"तुमच्या बापाचं नाव लय वर हाय, भाऊजी. तिथवर माझा हात पोचत न्हाई. मी खालची पाटी वाचायला आलते."

हे सगळं झालं म्हणून जग बदललं असं नाही. तो संडास पोरींना आठवडाभर मिळाला, मग पुन्हा कुलूप लागलं, आणि या वेळी किल्ली बन्सीधररावांच्या खिशात गेली. साहेबांच्या कचेरीतून चौकशी लावतो असा निरोप आला; ती चौकशी अजून चालूच आहे. आणि संघप्रिया मॅडमची बदली झाली. त्याच संस्थेच्या सेलूकडच्या शाळेत, भर वर्षात, जिंतूरहून जायला-यायला दोन गाड्या बदलाव्या लागतील अशा गावी.

हे कळलं त्या दिवशी नर्मदाबाईनं बटईदाराला बोलावलं आणि शाळेच्या भिंतीला लागलेली पट्टी मोकळी करून घेतली. शेत तिचं, भिंतीच्या अलीकडची माती तिची. तिथं तिनं पोरींसाठी संडास बांधायला काढले. गवंडी जिंतूरचा आणला. खड्डे खणायला गावातल्या बाया आल्या. त्यांतल्या कितीतरी जणींनी त्याच ओढ्यामुळं शाळा सोडलेली होती, त्या कुदळ अशी मारत होत्या की गवंड्याला म्हणावं लागलं, "बास करा आता बायांनो, इतकं खोल नको." मैथिलीची आईही आली. तिनं पोरीची शाळा बंद केल्याबद्दल कुणी तिला बोललं नाही, आणि तीही काही बोलली नाही. दिवसभर पाट्या उचलत राहिली. शेतातल्या विहिरीवरून नळ आणला. भिंतीला दार पाडायला संस्थेची परवानगी लागते असं हेडमास्तर सांगत आले, तेव्हा बाया पहारी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बायांकडं पाहिलं आणि परत फिरले. दार पडलं.

पोरी आत येऊ लागल्या तसे एका सकाळी बन्सीधरराव फोटोग्राफर घेऊन आले. बरोबरच्या एका माणसानं फलक आणला होता, त्यावर संस्थेचं नाव आणि 'मुलींसाठी अद्ययावत सुविधा'. "झालं गेलं विसरू वहिनी," ते म्हणाले. "शेवटी काम शाळेचंच हाय. हा एवढा फलक लावू, देणगीदारांना पाठवायला बरा."

"सुविधा न्हाई," नर्मदाबाई म्हणाली. "संडास लिवा. मोठ्या अक्षरात लिवा, आन खाली तुमच्या वडलांचं नाव टाका. मग खुशाल लावा."

बन्सीधररावांनी माणसाला खूण केली. माणसानं फलक काखेत मारला आणि तिघंही कमानीतून निघून गेले.

राग उतरायला हवा होता. तो उतरला नाही. पोरी नळ उघडा टाकून गेल्या की ती त्यांच्या अंगावर ओरडायची, आणि नळ बंद करताना तिच्या मनात यायचं, हे इतकंच तर होतं. चार भिंती आणि एक नळ. एवढ्यासाठी इतकी वर्षं.

दिवाळीआधी ती सेलूच्या एसटीत बसली. संघप्रिया मॅडमना भेटायचं होतं, दोन किलो तूरडाळ द्यायची होती, माफी मागायची होती. पत्ता विचारत विचारत ती त्या गावच्या शाळेत पोचली. मॅडम पळतच आल्या, पाया पडायला वाकल्या, तिनं त्यांना मधेच धरलं.

"माझ्यामुळं तुमची ही वणवण झाली, बाई."

"तुमच्यामुळं नाही, आजी. किल्ली मीच काढली होती." मॅडमनी तिला व्हरांड्यात बसवलं, पाण्याची बाटली दिली. नर्मदाबाईनं घोट घेतला आणि बाटली त्यांच्यापुढं धरली.

"तुमीबी प्या."

मॅडमनी बाटली घेतली नाही. हसल्या आणि दुसरीकडं बघू लागल्या. शाळेच्या मागं कापसाच्या पऱ्हाटीची रानं पसरली होती.

 नर्मदाबाईनं बाटलीला टोपण लावलं, पदर कमरेला खोचला आणि उठली.

"हितला हेडमास्तर कुटं बसतो?" तिनं विचारलं.